पथ्य करू, पण ताट वेगळं नको

आम्ही मूर्तिजापूर-दर्यापूरकडच्या, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातल्या एका बचत गटाच्या बाया. आज आम्हाला एका कातडीच्या आजाराबद्दल बोलायचं आहे. त्याचं नाव सोरायसिस. आणि त्याच्याबरोबर बोलायचं आहे त्याच्या पथ्याबद्दल, कारण हा आजार झाला की गावात औषध सांगणारे थोडे अन् पथ्य सांगणारे फार.

आम्ही डॉक्टर नाही. आज सांगणार आहोत त्यातलं काही दवाखान्यात विचारून घेतलेलं आहे, आणि काही आमच्यातल्या एकीनं अंगावर काढलेलं आहे. तिनं नाव न सांगायच्या अटीवर बोलायला परवानगी दिली. म्हणून तिला आपण नुसती ताई म्हणू.

ताईच्या कोपरांवर आधी लाल चट्टे आले, मग गुडघ्यांवर आले. त्यावर पांढरे पापुद्रे धरायचे. झोपून उठली की चादरीवर कोंडा पडलेला असायचा. डोक्यातही तसंच, म्हणून ती पदर काढायची नाही. पहिल्यांदा सगळ्यांना गजकर्ण वाटलं. मेडिकलमधून विचारून ट्यूब आणली. लावली की कमी व्हायचं, सोडली की दुप्पट उठायचं. मग कुजबूज सुरू झाली. त्या वर्षी महालक्ष्म्यांच्या स्वयंपाकाला ताई पाटावर बसली, तर घरातली मोठी बाई म्हणाली, "तू राहू दे वं, पोरी करतीन." कोणी रागावलं नाही, कोणी वाईट बोललं नाही. पण दुपारी पंगत बसली तेव्हा ताईचं ताट मागच्या खोलीत आलं. स्टीलचं वेगळं ताट आणि वेगळा पेला. त्या दिवसापासून ते ताट तिचंच झालं.

म्हणून सगळ्यात आधी हेच सांगतो. सोरायसिस एकाचा दुसऱ्याला लागत नाही. शिवल्यानं लागत नाही, एका ताटात जेवल्यानं लागत नाही, कपडे एकत्र धुतल्यानं लागत नाही, नवरा-बायको एकत्र राहिल्यानं लागत नाही. यात जंतूच नाही, तर लागेल काय?

मग होतं काय? आपल्या अंगावरची कातडी सारखी नवी होत असते. आतून नवी पेशी वर यायला साधारण महिना लागतो. सोरायसिसमध्ये शरीराची स्वतःची राखण करणारी यंत्रणा चुकून आपल्याच कातडीला डिवचते, आणि तीच पेशी तीन-चार दिवसांत वर येते. जुनी गळायच्या आधी नवी येऊन बसते. त्याचेच थर साचतात, तेच पापुद्रे. काहींच्या घराण्यात तो असतो, काहींच्या नसतो. अस्वच्छतेनं होत नाही, पापानं होत नाही. आमच्याकडच्या खाऱ्या पाण्यानंही होत नाही. फक्त आंघोळीनंतर कातडी कोरडी पडली की खाज वाढते, म्हणून अंग ओलसर असतानाच खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावायचं. हे सोपं काम आहे आणि रोज करायचं आहे.

आता लोक घाबरतात कशाला, तेही बोलू. आपल्या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत कातडीच्या बहुतेक आजारांना कुष्ठ म्हटलं आहे, त्याचे अठरा प्रकार सांगितले आहेत. एखादा वैद्य त्या अर्थानं कुष्ठ म्हणतो, आणि आपण ऐकतो महारोग. तिथंच ताट वेगळं होतं. आणि समजा तो खरंच महारोग असता, तरी माणसाला दूर लोटायचं कारण नव्हतं. हे अमरावतीकरांना कोणी शिकवायची गरज नाही. १९४६ साली डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी अमरावतीला तपोवन उभं केलं ते याचसाठी, की घरानं टाकलेल्या माणसाला काम मिळावं आणि मानानं जगता यावं. आज तर महारोग साधारण सहा ते बारा महिन्यांच्या गोळ्यांनी बरा होतो, आणि त्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. एक खूण लक्षात ठेवा. महारोगाच्या चट्ट्यावर बहुतेक वेळा बधिरपणा असतो, टोचलेलं कळत नाही. सोरायसिसच्या चट्ट्याला खाज असते, तिथं शिवलेलं कळतं. पण घरी सुई टोचत बसू नका. चट्टा कोणताही असो, तो ओळखायचं काम दवाखान्याचं आहे. ताई अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात गेली. अमरावतीच्या बायांना इर्विन माहीत आहेच. तिथल्या त्वचारोग विभागात दाखवलं की संशय फिटतो.

पण ताई दवाखान्यात गेली ती दीड वर्षानं. तोवर ती पथ्यावर होती. तिला कोणी काय काय सोडायला सांगितलं, त्याची यादी ऐका. एकानं वांगं बंद केलं. दुसरीनं तुरीची डाळ बंद केली, उष्ण पडते म्हणून. तिसऱ्यानं दूध-दही. मग शेंगदाणे, मग अंडी, मग आंबट, मग अंबाडीची भाजी, मग मीठ. बाजारातल्या एका पुडीवाल्यानं सांगितलं, पुडी लागू पडायची असेल तर भाकरीही नको. उरलं काय? भात, साखरेचा चहा, बिस्किटं आणि उपवासाचा साबुदाणा. ताई म्हणायची, "एवढं सोडलं, तरी जाईना. माह्याच पथ्यात कुठं चूक होत असन." प्रत्येक वेळी चट्टा वाढला की ती आणखी एक जिन्नस सोडायची.

दिवाळीनंतर गावात तपासणी शिबिर झालं. ताईचं हिमोग्लोबिन आठाच्या खाली निघालं. बाईच्या रक्तात ते बाराच्या वर पाहिजे. आणि वजन भरलं ७२ किलो, उंची पाच फूट. म्हणजे अंगावर चरबी आणि रक्तात पाणी, दोन्ही एकाच वेळी. हे पाहून आम्ही गटाच्या बाया हादरलो. आम्हीच तिला म्हटलं होतं ना, हे सोड अन् ते सोड? कातडीचा आजार कातडीवरच होता, पण आमच्या सल्ल्यांनी बाई आतून पोकळ केली होती.

मग आम्ही एक ठरवलं. आधी दवाखाना, आणि पथ्य करायचंच तर वही घालून करायचं. दवाखान्यातून मलम आलं, लोहाच्या गोळ्या आल्या. घरी शंभर पानी वही आली. ताईला लिहिता येतं थोडं, बाकी तिच्या मुलीनं लिहिलं. रोज तीन गोष्टी टिपायच्या: काय खाल्लं, चट्टे कसे आहेत, आणि त्या दिवशी वेगळं काय घडलं. नियम एकच. एका वेळी एकच पदार्थ बदलायचा, आणि चार ते सहा आठवडे थांबायचं. दोन-तीन गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशाचा अन् दोष कशाचा, हे ब्रह्मदेवालाही कळणार नाही.

त्या वहीनं आम्हाला बरंच शिकवलं. वांग्याचंच घ्या. ताईची पक्की खात्री होती की वांगं बाधतं, कारण दर हिवाळ्यात वांगी सुरू झाली की चट्टे वाढायचे. चंपाषष्ठी झाली की आपल्याकडे वांगी खाणं सुरू होतं, भरताच्या पार्ट्या होतात. त्या साली तिनं वांग्याला हात लावला नाही, तरी पौषात चट्टे वाढलेच. वहीत पाहिलं तर दोन गोष्टी दिसल्या. एक, थंडी. थंड कोरड्या हवेत सोरायसिस वाढतो, हे डॉक्टरही सांगतात. दुसरं, वेचणी. पऱ्हाटीच्या वाळल्या बोंडांची टोकं मनगटाला ओरखडतात, आणि सोरायसिसच्या माणसाला जिथं ओरखडा, जखम किंवा भाजणं होतं, तिथं एक-दोन आठवड्यांनी नवा चट्टा उठू शकतो. ताईच्या मनगटावर तसंच झालं होतं. चैत्रात तिनं महिनाभर वांगी खाऊन पाहिली. काही झालं नाही. दोष थंडीचा आणि बोंडांचा, शिक्षा वांग्याला! तेव्हापासून ती वेचणीला जाताना जुन्या सुती साडीच्या बाह्या शिवून घालते.

मग जेवणाचा या आजाराशी काहीच संबंध नाही का? आहे. पण पुडीवाले सांगतात तो नाही. अमेरिकेतल्या सोरायसिस संस्थेच्या डॉक्टरांनी २०१८ साली ५५ अभ्यास एकत्र करून पाहिले. त्यातून जेवणाबद्दल सगळ्यात पक्की अशी एकच गोष्ट निघाली: ज्यांचं वजन जास्त आहे, त्यांनी कमी उष्मांकाचं जेवण घेऊन वजन उतरवलं तर सोरायसिस उतरायला मदत होते. अंगावरची जास्तीची चरबी, विशेषतः पोटाची, शरीरातली आतली जळजळ वाढवते. ती कमी झाली की आजाराचं सरपण कमी होतं, आणि औषधही जास्त लागू पडतं. ज्यांचं वजन मुळात कमी आहे, त्यांनी मात्र आणखी कमी करू नये. आपलं जास्त आहे की नाही कसं कळेल? शिवणाची टेप घ्या. बाईच्या कंबरेचा घेर ८० सेंटीमीटरच्या, म्हणजे साधारण साडेएकतीस इंचाच्या वर असेल, तर सावध व्हायचं.

ताईनं काय केलं ते सांगतो, कारण त्यात विकत आणायचं काहीच नाही. ती दिवसाला सहा चहा घ्यायची, दर कपात दोन चमचे साखर. म्हणजे बारा चमचे, साठ ग्रॅमच्या आसपास. तिनं दोन चहावर आणलं, दर कपात एक चमचा. चार माणसांच्या घरात महिन्याला पाच लिटर तेल संपायचं, ते साडेतीनवर आणलं. फोडणी पळीनं ओतायची सोडून चमच्यानं मोजली. बिस्किटं बंद केली. आणि जे सोडलं होतं ते परत आणलं: तुरीचं आणि मुगाचं वरण, शेंगदाणे मूठभर, अंडी, ताक, मेथी, पालक, अंबाडी, चिवळीची भाजी, ज्वारीची भाकरी, तोंडी लावायला जवसाची चटणी. फ्रान्समधल्या एका मोठ्या पाहणीत दिसलं की भाज्या, डाळी, फळं, दाणे जास्त आणि मटण-गोड कमी असं जेवणाऱ्यांमध्ये जोराचा सोरायसिस कमी होता. आपल्या वरण-भाकरी-भाजीच्या ताटाशी ते जेवण बरंच जुळतं.

आणखी एक गोष्ट वहीत निघाली, ती ऐकून आम्ही सगळ्या हसलो आणि मग गप्प बसलो. ताई जेवायची सगळ्यात शेवटी. पोराची उरलेली पोळी, भांड्यातला उरलेला भात, शिळं, सगळं टाकवत नाही म्हणून पोटात. ही सवय कोणाला नाही, सांगा? बाईचं वजन कित्येकदा भुकेनं वाढत नाही, उरल्या-सुरल्यानं वाढतं. तिच्या मुलीनं नियम केला: आई आधी आपलं ताट वाढून घेईल, आणि उरलं तर बैलाला जाईल.

आता तुमच्या मनातले प्रश्न. गहू सोडावा का? गव्हातल्या चिकट भागाला ग्लुटेन म्हणतात. ते ज्यांना खरंच सोसत नाही, तशा आजाराची रक्ततपासणी ज्यांची खरी निघते, त्यांनाच गहू सोडून सोरायसिसमध्ये गुण येऊ शकतो. बाकीच्यांना गहू सोडायचं कारण नाही. शहरात ग्लुटेन नसलेलं पीठ म्हणून महाग पाकिटं विकतात. आपल्या ज्वारीत ते मुळातच नाही. भाकरी आवडते म्हणून खुशाल खा, औषध म्हणून खाऊ नका.

हळद? भाजीत, वरणात घालतो ती चालू द्या. पण हळदीच्या गोळ्या-कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. कारल्याचा, कडुनिंबाचा रस? त्यानं सोरायसिस जातो असा भरवशाचा पुरावा नाही. घरात कोणी मधुमेहाची गोळी घेत असेल तर कारल्याच्या रसानं साखर एकदम खाली जाऊ शकते. दारू? ती या आजारात वाईटच, आणि औषधाच्या काही गोळ्यांबरोबर तर लिव्हरचा घात करते. बिडी-सिगारेटनंही सोरायसिस वाढतो. हे घरातल्या पुरुषांना ऐकवा, कारण हा आजार त्यांनाही तेवढाच होतो. खर्ऱ्याचं तर सांगायलाच नको, तो तोंडाचा कर्करोग आणतो.

आणि त्या पुड्या. "गॅरंटीनं मुळापासून जाईल" असं जो सांगतो, त्याच्यापासून लांब राहा. सोरायसिस मुळापासून घालवणारं औषध अजून कोणत्याच पॅथीत सिद्ध झालेलं नाही. तो ताब्यात ठेवता येतो, महिनोन् महिने कातडी साफ राहू शकते, पण पुन्हा डोकं वर काढू शकतो. अशा नावगाव नसलेल्या पुड्यांत स्टिरॉईड किंवा शिसं-पारा निघाल्याची उदाहरणं आहेत. स्टिरॉईडच्या गोळ्या किंवा इंजेक्शनं घेऊन एकदम बंद केली तर आजार अंगभर उसळू शकतो, पुवाचे फोडही येतात. मेडिकलमधून मनानं आणलेल्या ट्यूबेचं असंच. डॉक्टरांनी जेवढं, जितके दिवस सांगितलं, तेवढंच लावायचं.

औषधाचं आणखी एक, जिवाशी गाठ असलेलं. आजार जास्त असेल तर डॉक्टर मेथोट्रेक्सेट नावाची गोळी देतात. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, ठरलेल्या वारी. रोज घेतली तर जीव जाऊ शकतो. कॅलेंडरवर त्या वाराला कुंकवाचं बोट लावून ठेवा. ती चालू असताना रक्ताच्या तपासण्या चुकवायच्या नाहीत. आणि दिवस राहिले असतील किंवा राहायचे असतील, तर ती गोळी बाईनं घ्यायची नाही. हे डॉक्टरांना आपण होऊन सांगा, लाजू नका.

आणि सकाळी उठल्यावर बोटं, टाचा, कंबर ताठतात का, बोटांवर सूज येते का, नखांवर सुईनं टोचल्यासारखे खड्डे पडतात का, ते बघा. सोरायसिस सांध्यांतही उतरतो. जवळजवळ तिघांतल्या एकाला तो त्रास होऊ शकतो. त्यावर पथ्य करत बसलं तर सांधा कायमचा वाकडा होतो. तेव्हा लगेच दवाखाना. शुगर आणि बीपीही वर्षातून एकदा तपासा. या आजारात मधुमेह आणि हृदयाचा धोका थोडा जास्त असतो, आणि साखर-तेल मोजल्याचा खरा फायदा तिथंही होतो.

तर ताईचं काय झालं? आठ-नऊ महिन्यांत तिचं वजन ७२ वरून ६६ वर आलं. अंगणवाडीच्या काट्यावर आम्ही दर महिन्याला भरत होतो. हिमोग्लोबिन अकराच्या वर गेलं. गुडघ्यांवरचे चट्टे जवळजवळ गेले, कोपरांवरचे फिके झाले, डोक्यातले अजून आहेत. हा गुण मलमाचा किती, वजनाचा किती, उन्हाळ्याचा किती, हे आम्हाला सांगता येणार नाही. येत्या थंडीत पुन्हा वाढेल, हेही तिला माहीत आहे. पण आता ती घाबरत नाही, आणि चट्टा दिसला की ताटातला पदार्थ उचलून टाकत नाही.

या भाद्रपदात महालक्ष्म्या आल्या. आम्ही गटाच्या चार-पाच जणी सकाळीच तिच्या घरी गेलो. आंबिलीचं पीठ कालवायला घेतलं आणि ताईला म्हटलं, सोळा भाज्या तूच कर. घरातली मोठी बाई काही बोलली नाही. थोड्या वेळानं तीच वांगी घेऊन आली आणि ताईपुढं ठेवून म्हणाली, "घे वं, चीर." दुपारी पंगतीत ताई आमच्या मधोमध बसली. ते वेगळं ताट आम्ही शोधलं, तर तिच्या मुलीनं त्यात कुंडीतल्या तुळशीला पाणी साचायला ठेवलं होतं.

बायांनो, तुमच्या गटात, तुमच्या वाड्यात अशी एखादी असेल. बाही खाली ओढून बसणारी, पदर न काढणारी. येत्या बैठकीत तिच्या शेजारी बसा, तिच्या हातचा चहा प्या. तिला दवाखान्यात एकटी पाठवू नका, कोणीतरी सोबत जा. आणि तिला काहीही सोडायला सांगण्याआधी एक वही द्या.

येतो आम्ही. नमस्कार.